हुडकेश्वरचा कोंबडा आणि तीस अंडी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हुडकेश्वरहून फोन आला तेव्हा निकाल लागून गेला होता. मला फक्त शिक्का मारायला बोलावलं होतं. काका एस.टी.तून निवृत्त झालेले, बोलणं रोखठोक. "भाऊ, कोंबडा कामातून गेला. तीस अंडे ठेवले मशीनमंदी, एक पिल्लू नाई निंघालं. या रविवारी सावजी करून टाकतो त्याचा. तुमच्याकडं एखादा चांगला असंल तं सांगा." मागून काकूंचा आवाज आला, "अवो, आधी त्याईले येऊन पाहू तं द्या!"

उमरेड रोडला माझं छोटंसं उबवणीचं काम आहे, त्यामुळे असे फोन नवे नाहीत. एप्रिल-मे आला की नागपुरात कोंबडे बदनाम होतात. मीही पूर्वी या बदनामीला हातभार लावलेला आहे. काही वर्षांपूर्वी बेशाकडच्या एका घरी अशीच तक्रार होती. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं, कोंबडा बदला. त्यांनी जूनमध्ये बदलला. जुलैत पिल्लांनी टोपलं भरलं आणि माझं नाव झालं. कोंबड्यासोबत पाऊसही आला होता, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. म्हणून या वेळी काकांना म्हटलं, रविवार एक आठवडा पुढे ढकला.

घरामागे दीड खोलीएवढं परस. पेरूचं झाड, कोपऱ्यात विटांचं खुराडं, वर टिनाचं छप्पर. नऊ कोंबड्या: पाच गावरान, चार आर.आय.आर., म्हणजे ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातीच्या. कोंबडा असील या झुंजीच्या जातीच्या वळणाचा, अडीच वर्षांचा, चार किलोच्या आसपास. त्याचाच एक मुलगा, सहा महिन्यांचा, दिवसभर बापाची नजर चुकवत फिरणारा. एका नराला आठ-दहा माद्या हे प्रमाण फलनासाठी ठीक मानतात, तेव्हा आकड्यात गडबड नव्हती.

काकूंनी शाळेच्या जुन्या वहीत सगळं टिपून ठेवलं होतं, आणि खरं म्हणजे त्या वहीनेच अर्धं प्रकरण सोडवलं. फेब्रुवारीत खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, गावरान कोंबडीखाली 11 अंडी, 9 पिल्लं. मग मुलाने थर्मोकोलची पेटी, बल्ब आणि थर्मोस्टॅट जोडून मशीन बनवलं. मार्चच्या मध्यावर त्यात 30 अंडी, 7 पिल्लं. एप्रिलमध्ये पुन्हा 30 अंडी, शून्य. कोंबडा तोच, कोंबड्या त्याच. दोन महिन्यांत अडीच वर्षांचा तगडा नर एवढा खलास होत नाही. उन्हाचा फटका नरालाही बसतो, वीर्याची प्रत उतरते, दुपारभर चोच उघडी टाकून धापा टाकणारा कोंबडा जोडी लावायलाही कंटाळतो, हे सगळं खरं. पण त्याने टक्का खाली येतो, एकदम शून्यावर नाही.

हे मला वही पाहताच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. सवयीने मी आधी कोंबड्यालाच धरलं. वजन चांगलं, तुरा लालबुंद, शेपटीखालची पिसं स्वच्छ, पिसवा-गोचीड काही नाही. पाय वाकडा नाही, तळव्याला गाठ नाही. फक्त पायाच्या मागच्या आऱ्या चांगल्या इंचभर वाढून टोकदार झालेल्या. आर.आय.आर.पैकी दोघींच्या पाठीवरची पिसं उडून कातडी दिसत होती, एकीला ओरखडाही होता. म्हणजे गडी काम करत होता, जरा जास्तच. अर्धा तास यात घालवून मी काकूंना विचारलं, "न निघालेली अंडी कुठं आहेत?"

अंडी मशीनमध्येच होती. बाविसावा दिवस उलटला तरी ती टाकून द्यायला काकूंचा जीव होत नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी मोबाइलच्या टॉर्चवर पाहून 9 "पोकळ" अंडी काढून कुत्र्याला घातली होती. एका अंड्याला एकोणिसाव्या दिवशीच आतून टोच पडली होती, पण पिल्लू बाहेर यायच्या आत मेलं. ते धरून 21 अंडी आम्ही परसात पोत्यावर मांडली. तोंडाला रुमाल बांधून, रुंद बाजूने टकरा मारून एकेक फोडलं. वास सांगत नाही. एक तर हातात घेताच फुटलं, काका घरात निघून गेले.

पण जे दिसलं ते स्पष्ट होतं. 11 अंड्यांत बलकावर तपकिरी पडलेली रक्ताची कडी किंवा तिचा ओघळलेला अवशेष: गर्भ धरला, दोन-चार दिवस वाढला आणि मेला. 3 अंड्यांत काळ्या डोळ्याचा ठिपका असलेला, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान गर्भ. 5 अंड्यांत पुरं पिल्लू, पिसांसकट. 2 अंड्यांत मात्र काही कळण्यासारखं नव्हतं. म्हणजे 21 पैकी 19 अंडी फळलेली होती. कुत्र्याने खाल्लेली नऊच्या नऊ वांझ होती असं धरलं तरी 30 पैकी 19. नापास करण्याइतका कोंबडा वाईट नव्हता.

आणि ती नऊ तरी खरंच वांझ होती का? टॉर्चवर स्वच्छ दिसणारं अंडं दोन तऱ्हेचं असतं: ज्याला नर लागलाच नाही ते, आणि ज्यातला गर्भ रक्त धरायच्या आधीच, पहिल्या एक-दोन दिवसांत, गेला ते. उजेडात दोन्ही सारखीच. आपल्याकडे दोघांनाही पोकळ म्हणतात आणि दोष कोंबड्याच्या खात्यात टाकून मोकळे होतात. फरक कळतो तो फोडल्यावर, तोही अंडं ताजं असताना सोपा जातो.

म्हणून पुढचे दोन दिवस मी सकाळी नऊच्या आत हजर. कोंबडीने घातलं की तासाभरात अंडं पांढऱ्या बशीत फोडायचं, बलक अलगद फिरवून वरचा ठिपका बघायचा. वांझ अंड्यात तो बारीक, घट्ट पांढरा, कडा वेड्यावाकड्या, तांदळाच्या कणीसारखा. फळलेल्या अंड्यात तो थोडा मोठा, चार-पाच मिलिमीटरचा, मध्ये फिकट आणि भोवती गोल कडी, पाण्यात खडा टाकल्यावर पहिली लाट उठते तशी. काकूंना तिसऱ्या अंड्यापासून माझ्याआधी दिसू लागलं. 10 अंड्यांपैकी 8 फळलेली. उरलेली 2 लहान, दुधी रंगाची, दोन्ही दिवसांची एकेक. "हे तं पेरूवालीचे," काकू म्हणाल्या. एक बुटकी गावरान कोंबडी खुराड्यात न जाता पेरूच्या झाडावरच मुक्काम करत होती, उतरली तरी कळपाच्या कडेकडेने फिरत होती. सगळ्या तिला टोचत. कोंबडा जवळ आला की ती भिंतीवर. तिच्या बाबतीत काकांचं म्हणणं बरोबर होतं, पण नवापैकी एकीच्याच.

दुसऱ्या दिवशी बशी धुता धुता सहज विचारलं, मशीनमध्ये घालायची अंडी जमेपर्यंत ठेवता कुठं? काकूंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. गॅसच्या वर, भिंतीतल्या फळीवर, कागदी ट्रेमध्ये. तीस जमायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर तिथंच. त्यात तेव्हाही सहा अंडी होती. त्यांतलं तीन दिवसांपूर्वीचं एक मी बशीत फोडलं आणि काकूंनी तोंडावर पदर धरला. ठिपक्याच्या जागी शर्टाच्या बटणाएवढी फिकट चकती पसरलेली होती. मशीनचं तोंडही न पाहिलेल्या अंड्यात गर्भ वाढायला लागला होता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. बीज फळतं ते कोंबडीच्या पोटात, बलक अंडाशयातून सुटल्यावर पंधरा-एक मिनिटांत, वर पांढरं आणि कवच चढायच्या आधी. मग कवचासकट अंडं तयार व्हायला दिवसभर, चोवीस-सव्वीस तास लागतात, आणि तेवढा वेळ ते कोंबडीच्या अंगाच्या 41 अंश उबेत असतं. म्हणून बाहेर पडलेलं फळलेलं अंडं म्हणजे एक दिवस वाढलेला, हजारो पेशींचा गर्भच. बाहेर गारवा मिळाला की तो झोपतो. साधारण 21 ते 24 अंशांच्या खाली वाढ थांबते. म्हणून उबवणीच्या कामात अंडी 15 ते 18 अंशांत ठेवतात आणि सात दिवसांच्या आत यंत्रात घालतात. त्याहून वर गर्भ ना नीट झोपत ना नीट वाढत. अर्धवट उबेत आठ दिवस काढलेला गर्भ मशीनमध्ये जाईपर्यंत दमलेला असतो आणि खरी ऊब मिळताच दोन-चार दिवसांत मान टाकतो. त्या 11 रक्तकड्यांचा अर्थ हा.

मी फळीवर थर्मामीटर ठेवला. दुपारी अडीचला 39, पहाटे पाचला 33. नागपूरच्या मे महिन्यात त्या फळीवरचं अंडं एक मिनिटही झोपत नव्हतं. फेब्रुवारीत हीच फळी होती, पण तेव्हा रात्री गार होत्या आणि अकरा अंड्यांसाठी दोन-तीन दिवसच थांबावं लागलं. मार्चमध्ये ऊन चढायला लागलं तशी पिल्लं कमी झाली. वहीतले तिन्ही आकडे आपोआप जागेवर बसले.

पण त्या 5 पुऱ्या वाढलेल्या पिल्लांचं काय? ती तर अठरा दिवस जगली होती. आणि ती एकोणिसाव्या दिवसाची टोच माझ्या डोक्यातून जात नव्हती. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. घाई झाली तर बहुतेक वेळा उष्णता जास्त झालेली असते, उशीर झाला तर कमी.

मशीन मागच्या खोलीत होतं, टिनाखाली. सकाळी पाहिलं तेव्हा पडद्यावर 37.7, अगदी हवं तेवढं. काकू रोज सकाळ-संध्याकाळ आकडा बघत आणि वहीत लिहीत. दुपारी तीनला मी मुद्दाम थांबलो. बल्ब बंद. पडद्यावर 39.9. मुलगा म्हणाला, थर्मोस्टॅट बिघडला असेल. थर्मोस्टॅट बिचारा बरोबर होता. त्याने दुपारी बारालाच बल्ब बंद केला होता. याच्यापुढे त्याच्या हातात काही नसतं. घरगुती उबवणी यंत्र फक्त तापवतं, गार करत नाही, हे विकत घेतानाही कुणी सांगत नाही आणि बनवतानाही ध्यानात येत नाही. खोलीच 41 अंशांवर गेली तर 37.7 वर लावलेलं मशीन म्हणजे थर्मोकोलचा बंद डबा. पुढे आतल्या गर्भाची स्वतःची उष्णता वाढत जाते, शेवटच्या आठवड्यात ती बरीच असते, म्हणून मोठी पिल्लं आधी मरतात.

त्यात नागपूरची कोरडी हवा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 11 ते 13 टक्के घटायला हवं. पन्नास ग्रॅमचं अंडं सहा-एक ग्रॅमने हलकं. मे महिन्यात पाण्याची वाटी दुपारपर्यंत सुकत असेल तर घट त्याच्या पुढे जाते. त्या पाचांपैकी तिघांच्या अंगाला आतला पापुद्रा वाळलेल्या डिंकासारखा चिकटला होता. पिल्लू फिरून कवच कापणार कसं?

रोगाची शंका मी घेतली होती, कारण अंड्यातून उतरणारे काही जंतू असेच शेवटी मारतात. पण फेब्रुवारीची नऊच्या नऊ पिल्लं अंगणात धुडगूस घालत होती, मार्चची सातही जिवंत. ती मेली असती तर एक-दोन मेलेली पिल्लं बर्फात घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला नेली असती. गरज पडली नाही.

काका सगळं ऐकत होते. "म्हणजे कोंबड्याचा काईच दोष नाई?" थोडा होता. पेरूवाली सुटली होती, आणि पाठ सोलून निघालेल्या आर.आय.आर. त्याला पाहिलं की पळत होत्या. पुढे त्यांचीही अंडी वांझ निघाली असती. संध्याकाळी कोंबड्याला पोत्यात गुंडाळून, डोकं झाकून, कानशीने आऱ्यांची फक्त टोकं घासून बोथट केली. मुळाकडे जिवंत भाग असतो, तिथं कानस लावायची नाही.

काका कोंबडा बदलायला निघाले होते त्यावर आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, आणि ती त्यांना सगळ्यात जास्त पटली. कोंबडीच्या पोटात, अंडनलिकेत, नराचं बीज साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात. कोंबडा काढून टाकला तरी दोन-तीन आठवडे ती फळलेली अंडी घालत राहते. म्हणजे जुन्याची सावजी झाली असती, नवा आला असता, आणि पहिल्या पंधरवड्यातल्या पिल्लांपैकी काही जुन्याचीच असती. काका हसले. "मेल्यावर बी बाप तोच!"

आता उपाय. अंडी गोळा करणं सकाळी अकराच्या आत दोन वेळा आणि दुपारी एकदा. खुराड्यात दुपारभर पडू द्यायची नाहीत. साठवायला एक मडकं घेतलं, ते वाळूने भरलेल्या घमेल्यात अर्धं पुरलं, वाळू सतत ओली, वर ओलं गोणपाट, आणि सगळं समोरच्या खोलीत कूलरच्या वाटेत. आत चाळणीत अंडी, रुंद बाजू वर. नागपूरचा मे कोरडा असतो म्हणूनच हे जमतं. मडक्यात दुपारी 26 अंश मोजले. 18 नाही, पण 39 ही नाही. मर्यादा चार दिवसांची ठेवली. फ्रीजच्या भाजीच्या खणाचाही विचार झाला, तो जरा जास्तच गार पडतो आणि काकूंच्या घरी दर दहा मिनिटांनी उघडतो, म्हणून सोडला. मशीन पाऊस येईपर्यंत बंद.

मात्र काकूंना थांबायचं नव्हतं. एक गावरान कोंबडी नेमकी खुडूक झाली होती, फुगून सगळ्यांच्या अंगावर धावत होती. माझी आजी रामनवमीनंतर कोंबडी बसवत नसे. मी तेच सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि तरी बसवली, 10 मेला, 10 अंड्यांवर. पण जागा चांगली निवडली: माठाच्या तिवईशेजारी, डालग्याखाली, जमिनीवर मातीचा ओला थर. काकू रोज सकाळी तिला अंगणात सोडत, ज्वारी-पाणी झालं की ती आपसूक परत. 31 मेला, ऐन नवतपात, 7 पिल्लं. राहिलेली 3 अंडी फोडली: एक वांझ, दोन सुरुवातीला गेलेली. हिशेबात मला ही उबवणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाऊस नव्हता, नर तोच होता, ऊन तर वाढलेलं.

जुलैत मशीन समोरच्या खोलीत आलं. 28 अंडी, 20 पिल्लं. आठव्या दिवशी 5 स्वच्छ दिसली, ती या वेळी कुत्र्याला न देता बशीत फोडली: 4 वांझ, त्यांतली 3 लहान दुधी, एक पहिल्या दिवसांत मेलेलं. शेवटी 3 पिल्लं कवचातच राहिली. या आकड्यांवरून कोणत्या उपायाने किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही. मडकं, खोली, आऱ्या आणि मृगाचा पाऊस, सगळं एकदम बदललं. शिस्तीत करायचं असतं तर एकेक बदलून पाहायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या अंगणात तेवढा धीर कुणाला? अंडी फोडून पाहिली नसती तर ही जुलैची पिल्लंही बेशाच्या पिल्लांसारखी कुणाच्या तरी नावावर गेली असती, एवढं मात्र नक्की.

एक वाद शेवटपर्यंत राहिला. काकांना तो सहा महिन्यांचा कोवळा पुढचा नर म्हणून ठेवायचा होता. दिसायला बापावर गेला होता, छाती तशीच. पण त्याची आई त्याच नऊ जणींत, आणि पुढच्या वर्षीच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, त्याच्या बहिणी. घरातल्या घरात जोड्या लागल्या की पहिल्या पिढीत फारसं दिसत नाही. मग अंडी फळतात पण फुटत नाहीत, पिल्लं किरकोळ निघतात, आणि तेव्हा फोन येतो की कोंबडा कामातून गेला. मी सांगितलं, बुटीबोरीकडच्या तुमच्या साडूंच्या कोंबड्याशी अदलाबदल करा, पैसेही नकोत. काका आठवडाभर नाही म्हणत होते. पोळ्याला साडू आले तेव्हा कोवळा त्यांच्या पिशवीतून गेला, आणि तिकडून एक लाल, उंच मानेचा तरणा आला. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी त्याला खुराड्याच्या छपरावर पिटाळला. तो बिचारा पेरूवर चढून बसला, त्या बुटकीशेजारी.

दिवाळीच्या सुमारास काकूंनी सहज पाहावं म्हणून एक दुधी अंडं बशीत फोडलं आणि मोबाइलवर फोटो पाठवला. ठिपक्याभोवती गोल कडी होती.